मरीआईच्या गाड्यातून सरहद्दीपर्यंत

राष्ट्राचा उत्कर्ष तीन शक्तींच्या संयोगातून घडतो: माणसांचे स्थलांतर, उद्योगांची वाढ आणि शासनाची दूरदृष्टी. हे वाक्य माझेच आहे. जालन्याच्या एका वाचनालयात डावा हात कोटाच्या खिशात घालून मी ते म्हटले, तेव्हा समोर सात माणसे होती. त्यांतली दोन गुप्त पोलिसांची. ती पहिल्या रांगेत बसली होती, तेव्हा गुप्त राहण्याचा त्यांचाही फारसा आग्रह नसावा. एक वाचनालयाचा शिपाई होता. उरलेले चौघे दाराजवळच्या खुर्च्यांवर अशा बेताने बसले होते, की कुणी खोकले तरी उठून जाता यावे. शहरात पटकीची साथ सुरू होऊन तीन दिवस झाले होते.

व्याख्याने तीन ठरली होती. निजामाच्या मुलखात जाहीर बोलायचे तर मजकूर आधी उर्दूत करून परवानगीसाठी पाठवावा लागतो. स्थलांतराला परवानगी मिळाली, उद्योगाला मिळाली, राज्यकारभाराला मिळाली नाही. पुण्याहून निघताना मला याचा राग आला होता. पण पहिलेच व्याख्यान शेवटचे ठरले आणि त्यानंतरच्या आठवड्यात राज्यकारभारावर बोलण्यासारखे मला फारसे काही दिसले नाही.

जालना

माझे यजमान अनंतराव वकील. चार पिढ्या जालन्यात काढलेले घराणे, शेती मंठ्याकडे, मुले हैदराबादेत नोकरीला. त्यांच्या घरी पाणी उकळून, गाळून, पुन्हा उकळून देत. ज्वारीची भाकरी, पिठले आणि लसणाचा ठेचा असा बेत होता आणि मला तो फार आवडला. पण ठेचा वाढताना वहिनींनी "हा काही उकळलेला नाही हं," असे सांगितल्यामुळे जिभेवरचा जाळ आणि मनातली भीती यांत फरक करणे कठीण गेले.

गावातल्या विहिरींत सरकारी माणसांनी लाल औषध टाकले होते. विहिरीचे पाणी लाल झालेले पाहून लोकांनी ते सोडले आणि ते नदीच्या डबक्यावर जाऊ लागले. डबक्यात औषध टाकलेले नव्हते, त्यामुळे ते स्वच्छ दिसे.

व्याख्यानाच्या दुसऱ्या दिवशी अनंतरावांनी मला एक जिन दाखवायला नेले. कापसातून सरकी वेगळी करणारे आणि रुईच्या गाठी बांधणारे असे ते कारखाने जालन्याला बरेच आहेत. या जिनात गाठी बांधायचे नवे यंत्र बसवले होते आणि त्याचे उद्घाटन हैदराबादेहून येणाऱ्या एका बड्या अंमलदाराच्या हस्ते व्हायचे होते. आंब्याच्या पानांची कमान उभी होती. अंमलदारांऐवजी त्यांची तार आली. मॅनेजरने ती मोठ्याने वाचून दाखवली. ऐकायला मी, अनंतराव आणि चार बँडवाले होतो. उद्योगाच्या भरभराटीत रयतेची भरभराट आहे असे तारेत होते. वाचन संपल्यावर बँड वाजला. तो वाजत असतानाच मागच्या शेडमध्ये यंत्राला कापूस घालणाऱ्या दोन बाया पडल्या.

तासाभरात जिन बंद झाले. मजुरांना आपापल्या गावी जायला सांगितले. जाफराबाद, मंठा, भोकरदन, कुठून कुठून हंगामापुरती आलेली ती माणसे डोक्यावर बोचकी घेऊन कमानीखालून बाहेर पडत होती. आदल्या संध्याकाळी मी म्हणालो होतो, की कारखाना खेड्यातल्या माणसाला शहरात आणतो आणि नवे काहीतरी देऊन परत पाठवतो. अनंतरावांनी माझ्याकडे पाहिले. मी कमानीकडे पाहिले.

स्टेशनवर डॉक्टरचा दाखला असल्याखेरीज तिकीट मिळत नव्हते. दाखला देणारे डॉक्टर आदल्या गाडीने गेले होते.

"जाफराबादेवरून वऱ्हाडात उतरा," अनंतराव म्हणाले. "पलीकडे इंग्रजी हद्द. चिखलीहून मोटार मिळेल. आपला सोनाजी निघालाय गाडी घेऊन, त्याचं गाव सरहद्दीलाच आहे."

सोनाजी तिशीचा, काटक, कमी बोलणारा माणूस. हंगामात तो आपल्या गाडीतून कापूस आणून टाकी आणि बायको रखमा जिनात कामाला जाई. ती गाडीत मागे, चटईच्या छपराखाली, वाकळ पांघरून पडली होती.

"बरं नाही का?" मी विचारले.

"थकून राह्यलीय," सोनाजी म्हणाला. "चार महिने उभ्यानं काम. बसा, मास्तर. जल्दी निघू."

मी बसलो. थर्मासमध्ये उकळता चहा होता, खिशात कापराच्या अर्काची बाटली होती आणि रखमापासून जितके दूर बसता येईल तितका मी पुढे, बैलांच्या शेपट्यांजवळ बसलो होतो.

राजूर

पुण्यात साथ आली की आम्ही ती शेजारच्या वाड्यात ढकलतो. आमच्याकडे या विधीला तक्रारअर्ज म्हणतात. इकडची पद्धत अधिक स्पष्ट आहे. दुसऱ्या दिवशी राजूरच्या अलीकडे रस्त्यावर दहा-बारा माणसे काठ्या घेऊन उभी होती आणि जालन्याकडून येणाऱ्याला गावाबाहेरच्या वाटेला लावत होती. आमच्या पुढे चाललेल्या एका कुटुंबाला त्यांनी पाणीसुद्धा घेऊ दिले नाही. त्यातल्या म्हाताऱ्याने हात जोडले, तेव्हा काठीवाल्यानेही हात जोडले. दोघेही तसेच उभे राहिले आणि शेवटी म्हातारा वळला.

"कुठून आलाव?" आम्हाला प्रश्न आला.

"भोकरदनहून," सोनाजी म्हणाला.

"भोकरदन तर तिकडं ऱ्हायलं."

"हे मास्तर वाट चुकले."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. माझ्या टोपीवरून आणि चष्म्यावरून त्यांना ते पटले असावे.

"आन मागं कोन हाये?"

"घरची. निजलीय."

वाकळ हलली नाही. माझे सगळे लक्ष तिच्यावर होते. ती आत्ता कण्हली तर काठ्या आधी कुणावर पडतील याचा मी विचार करत होतो, आणि उत्तर प्रत्येक वेळी एकच येत होते, कारण मी पुढे बसलो होतो.

गणपतीचा कळस आम्ही लांबूनच पाहिला. देवळाकडच्या वाटेवर भक्त नव्हते. मुक्काम एका शेतात केला. वहिनींनी दिलेल्या दशम्या मी खाल्ल्या. सोनाजीने भाकरी खाल्ली. रखमाने काही खाल्ले नाही.

जाफराबादच्या अलीकडे

तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा आवाज गेला. रात्रभरात तिला काय झाले ते सांगायची गरज नाही. ज्यांनी पटकी पाहिली आहे त्यांना माहीत आहे आणि ज्यांनी पाहिली नाही त्यांनी ती कल्पनेतही पाहू नये. डोळे आत गेले होते. बोटांची कातडी धुणे धुतल्यासारखी सुरकुतली होती. ती "पाणी" म्हणत होती, पण ऐकू येत नव्हते, ओठांवरून कळत होते.

मी बॅग उचलली. हे लिहावे की नाही यावर मी पुष्कळ विचार केला, पण उचलली होती हे खरे आहे.

सोनाजीने पाहिले. तो रस्त्याकडेच्या कडुलिंबाचे डहाळे तोडत होता.

"उतरायचं तर आत्ताच उतरा, मास्तर," तो म्हणाला. "एकदा लिंब बांधला की मंग उतरता येत न्हाई."

"म्हणजे?"

"पुढं पाच गावं हाईत. आमचं पाचवं. आजारी मानूस कुणी शिवेच्या आत घेनार न्हाई. काल बघितलंच की तुमी." त्याने डहाळे गाडीच्या साट्याला, म्हणजे लाकडी चौकटीला, बांधायला सुरुवात केली. "पन देवीला अडवायची कुनाची हिंमत न्हाई."

मग त्याने मला मरीआईचा गाडा सांगितला. गावात पटकी आली की लाकडाचा एक लहान गाडा करतात, त्यात देवीची बाहुली बसवतात, लिंब बांधतात, हळदकुंकू लावतात, आणि गावची माणसे तो ओढत आपल्या शिवेपर्यंत नेतात. म्हणजे देवी गावाबाहेर गेली. पण ती आता पुढच्या गावच्या हद्दीवर असते. साथीच्या दिवसांत ते गाव ओटीचे सामान घेऊन तिथे वाटच पाहत असते. ते तिची ओटी भरतात, तिला लुगडे नेसवतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि ओढत आपल्या दुसऱ्या शिवेला नेऊन सोडतात. बैल लावायचे नाहीत, माणसांनी ओढायचे. गावात थांबायचे नाही. आणि गाड्यात कोण आहे हे पाहायचे नाही, विचारायचे नाही. पाहणाऱ्याला ती लागते.

"कधीमधी मोठा गाडा बी काढतेत," सोनाजी म्हणाला. "आमच्या आज्याच्या टायमाला असाच बैलगाडीचा काढल्ता. लोकं नुसता लिंब बघतेत." त्याने कुंकवाची पुडी काढून जुवावर बोटे ओढली आणि गाडीच्या पुढच्या-मागच्या तोंडांना तरट बांधले. "घरी पोचली तर जगंल ती. आई हाये माझी. तिनं दोन मानसं काढल्यात यातून. घरी पोचली पायजे बस्."

मी धैर्याने गाडीत राहिलो असे कुणाला वाटत असेल तर त्याने तो रस्ता पाहिलेला नाही. शहरी कपड्यातला एक परका माणूस एकटा पायी चालत जालन्याकडून येतो आहे, हे चित्र मी काठीवाल्यांच्या नजरेतून पाहिले आणि बॅग खाली ठेवली. तरटाच्या आत देवी होती. बाहेर कुणीच नव्हते.

पाच गावे

पहिल्या शिवेवर वीसेक माणसे उभी होती. सोनाजीने बैल सोडले आणि पन्नास पावले मागे जाऊन उभा राहिला. माणसे आली. हलगी वाजू लागली. बायांनी पदर डोळ्यांवर ओढून, तोंड फिरवून, तरटाखालून हात आत घातले. तांदूळ, खारीक, हिरव्या बांगड्या, एक हिरवे लुगडे. एक हात दहीभाताचे पान ठेवून गेला. माझ्या गुडघ्याला लागला तसा तो विस्तव लागल्यासारखा मागे गेला.

मग गाडी निघाली. मी बैलगाडीतून आयुष्यात बराच प्रवास केला आहे, पण भ्यालेल्या माणसांनी ओढलेली गाडी हा वेगळाच प्रकार आहे. बैल चालतात. ही माणसे पळत होती. आपल्या हद्दीत काही होण्याच्या आत तिला पलीकडे न्यायचे होते. चाके दगडांवरून उडत होती, रखमाचे डोके साट्यावर आपटत होते. शेवटी मी माझा कोट तिच्या डोक्याखाली घातला. म्हणजे मला तिच्याजवळ सरकावे लागले. मग अंतर राखण्यात काही अर्थ उरला नाही.

थर्मासमधला चहा संपला होता. दुसऱ्या गावच्या नैवेद्यात ताकाची लोटी होती, मीठ घातलेले पातळ ताक. कोणत्या पाण्याचे असेल याचा मी विचार केला आणि तिच्या ओठांकडे पाहिले. ते अजून तोच एक शब्द करत होते. मी तिला चमच्याने ताक पाजू लागलो. निम्मे बाहेर येई. हलगी वाजत होती आणि बाहेर कुणी तरी ओरडत होते, "आई, पुढं जा, आई." मला वाटले, मला उद्देशून एवढी प्रामाणिक प्रार्थना कुणीच केलेली नाही.

तिसऱ्या गावाला माझ्या पोटात कळ आली. मी कापराचा अर्क घेतला. चौथ्या गावापर्यंत मी स्वतःचा मृत्युलेख मनात दोनदा लिहिला. दुसरा जरा लहान होता. मग लक्षात आले, की पोटात सकाळपासून काही नाही आणि ही कळ भुकेची आहे. देवीचा दहीभात खाण्याची मात्र हिंमत झाली नाही.

तासामागून तास कसे गेले सांगता येत नाही, पण चौथी शीव ओलांडली तेव्हा ऊन कलले होते. एवढ्या अंतराला सरकारी टपाल दोन दिवस घेते.

पुढच्या शिवेवर गाडी थांबली. पुन्हा हलगी, पुन्हा पळणे. काही वेळाने कुठून तरी रहाटाचा आवाज आला, कर्रर्र करून मध्येच अडखळणारा. रखमाने डोळे उघडले.

"आमची हीर," ती म्हणाली. आवाज नव्हताच, नुसती हवा. "घर आलं. उतरवा मला."

मला तोपर्यंत एक गोष्ट सुचली नव्हती आणि सोनाजीलाही सुचलेली नसावी. देवीचा गाडा कुठल्याच गावात थांबत नाही. तिच्या गावात तरी का थांबावा?

तरटाच्या फटीतून मी पाहिले. मागून सोनाजी बैल हाकत धावत येत होता आणि ओरडत होता, "पाटील, थांबवा. पाटील." दोराच्या पुढच्या टोकाला पांढऱ्या मिशांचा एक माणूस होता. त्याने वळून सोनाजीकडे पाहिले. त्याच्या बैलांकडे पाहिले. त्या गावात सोनाजीचे बैल कोण ओळखत नव्हते? गाडी कोण ओळखत नव्हते? दोर ओढणाऱ्या प्रत्येकाची मान खाली गेली. गाड्यात कोण आहे हे आता सगळ्यांना कळले होते, आणि म्हणूनच कुणी पाहत नव्हते.

"गाडा थांबत नसतो," पाटील समोर पाहत म्हणाले. "वढा रे."

मला ओरडता आले असते. तरट फाडून, ही देवी नाही, तुमच्या गावची सून आहे, जिवंत आहे, असे म्हणता आले असते. मला सभेत बोलण्याची सवय आहे. मी ओरडलो नाही.

एका घरापुढे गाडी अडखळली. थांबली नाही, फक्त सावकाश झाली. तेवढी सवलत दोर ओढणाऱ्यांनी न बोलता दिली. बायांचे हात तरटाखालून आले, लुगडे आले, तांदूळ आले. त्यांत एक म्हातारा, राठ हात होता. तो तांदूळ टाकून मागे गेला नाही. त्याने चाचपत रखमाचे पाऊल शोधले आणि ते घट्ट धरले. गाडीबरोबर तो हात चालत होता.

"आई," बाहेरून एक बाई म्हणाली. देवीशी बोलावे तसेच मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असे. "आई, चुकलंमाकलं पोटात घाल. पुढं जा. पेज पीत जा, मीठ टाकून. थोडी थोडी पी. झोपू नको, आई."

मग हात सुटला. तरटाखालून एक झाकलेली लोटी आत आली. पेज होती, अजून गरम.

नाका

पाचव्या गावची दुसरी शीव ही नुसती गावची शीव नाही. ती निजामाच्या राज्याची हद्द आहे. तिथे एक नाला, नाल्याच्या अलीकडे करोडगिरीचा नाका, म्हणजे जाणाऱ्यायेणाऱ्या मालावर जकात घेणारी चौकी, आणि पलीकडे वऱ्हाड, म्हणजे इंग्रज. गावकऱ्यांनी दोर टाकले आणि मागे न बघता पळत गेले. मागे बघायचे नसते.

मी तरट बाजूला करून उतरलो आणि पाहिले. नाक्याच्या कुडाला लागून लहान लहान गाड्यांचा ढीग पडला होता. लाकडी, हातभर, दोन हात लांब. काही नव्या लिंबाच्या, काही वाळवी लागलेल्या. बाहुल्या होत्या, हळद उडालेल्या, एका कुशीवर पडलेल्या. त्या सबंध भागातल्या देव्या गावोगावहून ढकलल्या जाऊन इथपर्यंत येत असत आणि पुढे जात नसत. पलीकडच्या काठावर दोन शिपाई उभे होते.

"बंदी आहे," त्यांतला एक ओरडला. "साथ आहे तुमच्या मुलखात. पाच दिवस तिकडंच थांबा."

चौकीतून एक उंच, वाकलेले गृहस्थ बाहेर आले. कासिम मुन्शी. नाक्यावर अकरा वर्षे एकटे राहिलेले. त्यांनी माझी टोपी पाहिली, गाडी पाहिली.

"हे क्या आणलं, मास्तर?"

मी त्यांना सगळे सांगितले. माझा आवाज सारखा चढत होता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"बघा," ते म्हणाले, "गाडा आला तर तो माल. मालाला आत जागा हाये. बीमार माणूस आला तर बीमार. बीमाराला आत ठेवायचा हुकूम न्हाई."

"मग काय करायचं?"

"मंग काय. गाडाच आलाय न." ते गाडीजवळ आले, तरट पूर्ण वर केले आणि आत पाहिले. सकाळपासून पाच गावे झाली होती, शंभर माणसांनी ती गाडी ओढली होती. आत पाहणारा हा पहिला माणूस. त्यांनी रखमाची नाडी धरली आणि बराच वेळ सोडली नाही.

"जिंदा हाये," ते म्हणाले. "आत घ्या. जल्दी."

सोनाजी बैल घेऊन पोचला. जमिनीवर बसला आणि म्हणाला, "म्याच लिंब बांधला." पुढचे दोन दिवस तो मधूनमधून एवढेच म्हणत असे.

"बांधला नसता तर पहिल्याच शिवेला मेली असती," मुन्शी म्हणत. "आता उठ, लाकडं फोड. पाणी उकळायचं हाये."

जप्त मालाच्या शेडमध्ये, सरकीच्या पोत्यांवर, रखमा होती. तांदळाची पेज, मीठ, गूळ. चमच्याने, घोटघोट, पाळीपाळीने. मुन्शींना हे कुणी शिकवले विचारले तर म्हणाले, "दोन बार बघितलीय मी ही बीमारी घरात. एक बार उशीर झाला." गाडीतली पाचही लुगडी त्यांनी माझ्यासमोर मोठ्या कढईत टाकून उकळली. पाणी हिरवेगार झाले. ते ओतायला मी गेलो, तेव्हा त्यांनी नाल्यापासून लांब खड्डा खणायला लावला. पलीकडच्या शिपायांनी विचारले, "काय चाललंय?" मुन्शी म्हणाले, "देवीचे कपडे धुवून राह्यलो."

दुसऱ्या रात्री तिचे हातपाय गार पडले. मुन्शींनी विटा तापवून फडक्यात गुंडाळल्या आणि सोनाजीला तिच्या तळव्यांना सुंठ चोळायला बसवले. मी चमचा धरून बसलो. मला मेलेली माणसे पाहण्याचे भय आहे, लहानपणापासून आहे. मी तिच्याकडे न पाहता चमचा तिच्या तोंडाकडे नेई, आणि प्रत्येक वेळी तो परत येताना रिकामा आहे की भरलेला एवढेच पाही. पहाटे तो रिकामा येऊ लागला. मी मुन्शींना हाक मारली, तेव्हा ते भिंतीला टेकून तसबीहचे मणी ओढत होते. त्यांनी उठून पाहिले आणि पुन्हा बसले. तिसऱ्या दिवशी तिने सोनाजीला शिवी दिली. फार हळू, पण आम्हा तिघांनाही ऐकू आली, आणि सोनाजी पहिल्यांदा रडला.

गाडा गेल्यावर गाव पाच दिवस शीव बांधून बसते; कुणी बाहेर जात नाही, कुणाला आत घेत नाही. सहाव्या दिवशी सकाळी सोनाजीची आई, गोदाबाई, डोक्यावर टोपली घेऊन आली. भाकऱ्या होत्या, ताक होते. ती दाराशी थांबली. आत काय दिसेल याची तिला खात्री नसावी; टोपली तिने खाली ठेवली नव्हती.

रखमा पोत्याला टेकून बसली होती.

"या, आत्याबाई," ती सासूला म्हणाली.

गोदाबाईने टोपली ठेवली. जवळ गेली, सुनेच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "लई वाळलीस."

"देवीला कोन जेवू घालतंय पोटभर?"

"पाटील म्हनत होते, आता आली तरी चालंल घरी. गाडा गेला, साथ गेली."

"पाटलाला म्हनावं, येते. लुगडं नेसून येते, त्यानं दिलेलं."

मुन्शींनी वाळत घातलेली लुगडी आणून दिली. रंग निम्मा उतरला होता. रखमाने एकेक मांडीवर घेतले आणि कोपरापासून बोटापर्यंत हात लावून मोजायला सुरुवात केली. बाईला नेसायला पुरे लुगडे अठरा हात लागते. पहिल्या गावचे बारा हात भरले. दुसऱ्याचे दहा. तिसऱ्याचे अकरा, चौथ्याचे पुन्हा दहा. पाचवे तिच्या स्वतःच्या गावचे होते. ते तिने दोनदा मोजले. सात हात.

गोदाबाईने ते हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले. "उकळल्यानं आटलं आसंल," ती म्हणाली.

पाचही लुगडी एकाच कढईत उकळली होती.